ओठ न जुळवता गाणं : १९६५ ते ६७ च्या प्रचारफिती आणि त्यांच्या आडवळणी जागा

रीळमोजणी (धागालेखक)

पॉप गाण्यांच्या जुन्या प्रचारफितींचा (गाणं टीव्हीवर दाखवण्यासाठी बनवलेल्या छोट्या फितींचा) विषय निघाला की 'पहिली कोणती' यावरच गाडी अडते. त्या फिती बनल्या कशा, आणि स्टुडिओ सोडून भलत्याच जागी का बनल्या, हे बघितलं तर जास्त हाती लागतं. म्हणून हा धागा. पसारा नको म्हणून १९६५ ते ६७ ही तीन वर्षं आणि लंडन व आसपासचा मुलूख एवढंच धरू.

२३ नोव्हेंबर १९६५ ला बीटल्सनी ट्विकनहॅमच्या स्टुडिओत एका दिवसात पाच गाण्यांच्या मिळून दहा फिती उरकल्या. दिग्दर्शक जो मॅग्राथ. सगळं व्हिडिओटेपवर, सगळं रेकॉर्ड लावून नुसते ओठ हलवून. पुढे २० मे १९६६ ला 'पेपरबॅक रायटर' आणि 'रेन' यांच्यासाठी मायकेल लिंडसे-हॉग त्यांना चिझिक हाउसच्या बागेत आणि तिथल्या काचघरात घेऊन गेला. या वेळी फिल्म, आणि रंगीत. गिटारी हातात, पण वायर कुठेच जोडलेली नाही. मग ३० आणि ३१ जानेवारी १९६७ ला पीटर गोल्डमन या स्वीडिश दिग्दर्शकाने लंडनजवळच्या केंटमधल्या नोल पार्क या हरणांच्या उद्यानात 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर' चित्रित केलं. इथे कोणी गातच नाही. एक वाळलेला ओक, त्याच्या फांद्यांपर्यंत तारा ताणलेला पियानो, रंगीत दिवे, उलटी हालचाल, दिवसाची एकदम रात्र.

म्हणजे चौदा महिन्यांत स्टुडिओतून बागेत, बागेतून हरणांच्या रानात. आणि त्याच चौदा महिन्यांत ओठ जुळवण्यापासून ते पार सोडून देण्यापर्यंत. या दोन गोष्टी एकमेकींना बांधलेल्या आहेत असं माझं ठाम मत आहे. बाहेर पडलं की ओठ जुळवणं तांत्रिकदृष्ट्या महाग पडतं. मग दिग्दर्शक ते टाळायला लागतो. टाळलं की पडद्यावर दुसरं काहीतरी लागतं, आणि ते काम जागेला करावं लागतं. जाणकारांनी आकड्यांनिशी भर घालावी.

---

चुंबकफीत

मत पटलं. आकडे देतो.

मैदानात गाणं वाजवायचं म्हणजे पाव इंची टेपचं यंत्र आणि कर्णा. यंत्राचा वेग कॅमेऱ्याशी बांधलेला नसेल तर दोन्ही आपापल्या वाटेने जातात. फरक अर्धा टक्का धरा. बॅटरी उतरली किंवा थंडी असली की एवढा सहज पडतो. ३ मिनिटांच्या गाण्यात तो ०.९ सेकंद होतो, म्हणजे सेकंदाला २४ फ्रेमच्या हिशेबाने जवळपास २२ फ्रेम. ओठ दोन फ्रेमने चुकले तरी डोळ्याला खटकतात. म्हणून बाहेर एका दमात अख्खं गाणं घेता येत नाही. २० सेकंदांचे तुकडे घेतले तर तोच फरक २.४ फ्रेमवर येतो आणि संकलनात खपून जातो. बाहेर घेतलेल्या फितींत तुकडे आखूड का, याचं निम्मं उत्तर इथे आहे.

यावर उपाय तेव्हाही होता. १९५८ च्या नाग्रा ३ या यंत्रात टेपवरच पायलट सिग्नल नोंदवायची सोय होती. तो धरून टेपचा वेग कॅमेऱ्याशी जुळवता येतो. आपल्याकडे सिनेमाच्या गाण्यांचं आउटडोअर चित्रण नाग्रावरच चालायचं, त्यामुळे मुंबईतल्या ध्वनिमुद्रकांना यात नवल नाही. पण त्यासाठी ध्वनिमुद्रक, क्रिस्टल किंवा केबलने बांधलेला कॅमेरा आणि प्रत्येक शॉटला क्लॅप, एवढा सगळा सरंजाम लागतो.

दुसरी अडचण अंतराची. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे एका फ्रेमच्या वेळात साधारण १४ मीटर. लांबचा शॉट आहे, कर्णा चौकटीबाहेर ३० मीटरवर ठेवलाय, तर गायकाला गाणं दोन फ्रेम उशिराच ऐकू येतं. संकलनात दोन फ्रेम सरकवून हे दुरुस्त होतं, पण चौघे चार अंतरांवर उभे असतील तर कोणाला सरकवणार? चौघांना झाडाभोवती विखरून उभं करायचं ठरवलं की ओठांचा नाद सोडणंच शहाणपणाचं.

---

पानगळ

तांत्रिक कारणं बरोबर आहेत, पण युनियनचं कारण त्याहून वजनदार आहे आणि धाग्यात अजून आलेलं नाही.

१९६६ मध्ये ब्रिटनच्या म्युझिशियन्स युनियनने टीव्हीवर खोटं गाण्या-वाजवण्याला बंदी आणली. रेकॉर्ड लावून नुसते ओठ हलवले तर प्रत्यक्ष वाजवणाऱ्यांचं काम जातं, हा त्यांचा मुद्दा. याचा थेट फटका 'हॅलो, गुडबाय'ला बसला. १० नोव्हेंबर १९६७ ला सॅव्हिल थिएटरमध्ये रंगमंचावर ओठ हलवून केलेली ती फीत बीबीसीला 'टॉप ऑफ द पॉप्स'मध्ये दाखवता आली नाही. उलट त्याच वर्षी १६ फेब्रुवारीला 'स्ट्रॉबेरी फील्ड्स' आणि 'पेनी लेन' त्याच कार्यक्रमात आरामात लागल्या, कारण त्यांत गाण्याचं सोंगच नव्हतं.

---

खटका

रीळमोजणी, तुम्ही टेप आणि फिल्म यांतला फरक नुसता स्पर्श करून सोडलात. बाहेर पडण्याच्या गोष्टीत तो कळीचा आहे.

तेव्हाचा व्हिडिओटेप म्हणजे दोन इंची रीळ आणि कपाटाएवढं यंत्र. बागेत न्यायचं तर आख्खी ओबी व्हॅन (बाहेरून प्रक्षेपण करणारी गाडी) न्यावी लागणार. शिवाय टीव्हीचं चित्र ब्रिटनमध्ये ४०५ आणि ६२५ ओळींचं, अमेरिकेत ५२५. इथली टेप तिथे लावायची तर चित्र बदलून घ्यावं लागे आणि त्यात ते मऊ पडे. १६ किंवा ३५ मिमीची प्रिंट मात्र जगातल्या कुठल्याही केंद्राच्या टेलिसिनेवर (फिल्मचं चित्र टीव्हीसाठी उतरवणाऱ्या यंत्रावर) चढते. ज्या प्रचारफितीला दहा देशांत फिरायचंय तिच्यासाठी फिल्मच सोयीची.

रंगाचंही तेच. बीबीसी-१ वर रंग आला १५ नोव्हेंबर १९६९ ला. म्हणजे नोल पार्कातले ते रंगीत दिवे ब्रिटिश प्रेक्षकांनी पहिल्यांदा करड्या छटांतच पाहिले. रंगाचा खर्च अमेरिकेसाठी होता. 'पेपरबॅक रायटर' आणि 'रेन' ५ जून १९६६ ला एड सुलिव्हनच्या कार्यक्रमात तिकडे रंगीत लागल्या, आणि 'स्ट्रॉबेरी फील्ड्स' २५ फेब्रुवारी १९६७ ला 'हॉलिवूड पॅलेस'मध्ये.

---

अर्धी_खिडकी

एक शंका. नोल पार्कातल्या फितीत मॅकार्टनी जमिनीवरून उलटा झाडावर उडतो. तो शॉट लॅबमध्ये उलटवला असेल की कॅमेऱ्यातच? आणि 'पेनी लेन' लिव्हरपूलच्या पेनी लेनवरच झालं ना?

---

रीळमोजणी

'पेनी लेन'चं आधी सांगतो, कारण ही चूक सगळीकडे पसरली आहे. चौघांपैकी कोणीही त्या चित्रणासाठी लिव्हरपूलला गेलं नाही. रस्त्यावरचे त्यांचे शॉट ५ फेब्रुवारी १९६७ चे, पूर्व लंडनमधल्या स्ट्रॅटफर्डच्या एंजल लेनवरचे. घोड्यांवरून फिरणं आणि उघड्यावर मांडलेलं मेज ७ फेब्रुवारीचं, पुन्हा नोल पार्कात. लिव्हरपूलच्या बस आणि रस्ता गोल्डमनने वेगळे टिपून आणले आणि संकलनात मध्ये घातले. ओठ जुळवायचे नसल्यामुळेच हे तीन गावांचं शिवणकाम उघडं पडत नाही.

उलट्या शॉटचं उत्तर चुंबकफीत किंवा सुतारपक्षी नीट देतील.

---

सुतारपक्षी

मॅकार्टनीने झाडावरून खाली उडी मारली आणि तुकडा उलटा लावला, एवढं नक्की. तो काळ धरला तर हे करायच्या तीन वाटा आहेत.

पहिली, कॅमेऱ्याची मोटर उलटी फिरवायची. सगळ्या कॅमेऱ्यांत ही सोय नसते, आणि असली तरी फिल्म आधी झाकण लावून पुढे ढकलून घ्यावी लागते.

दुसरी, ऑप्टिकल प्रिंटरवर (एका फिल्मवरून दुसरीवर फ्रेम-फ्रेम छापणाऱ्या यंत्रावर) उलट्या क्रमाने छापायचं. यात क्रम हवा तसा मिळतो, पण चित्र एक पिढी मागे जातं. दाणा वाढतो, कॉन्ट्रास्ट चढतो.

तिसरी सगळ्यात स्वस्त, आणि फिल्म शिकणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी करून पाहावी अशी. कॅमेरा स्टँडवर पूर्ण उलटा, डोकं खाली करून लावायचा. माणसाने नेहमीसारखी वरून खाली उडी मारायची. धुतलेला तुकडा संकलनाच्या टेबलावर शेपटाकडून उचलून १८० अंशांत फिरवून जोडायचा. उलटं टिपलेलं चित्र सरळ होतं, वेळ उलटी धावते, डावं-उजवंही शाबूत राहतं.

यात घात कुठे होतो ते सांगतो. १६ मिमीची फिल्म एका बाजूनेच छिद्रांची असेल तर फिरवल्यावर छिद्रं भलत्या बाजूला येतात. मग लोक तुकडा पालथा घालतात, इमल्शन (चित्र उमटतं तो थर) दुसरीकडे जातं, चित्र आरशातल्यासारखं होतं आणि प्रोजेक्टरवर फोकसही हलतो. म्हणून अशा शॉटसाठी दोन्ही बाजूंना छिद्रांचं रीळच मागायचं. ३५ मिमीला हा प्रश्न नाही, दोन्हीकडे छिद्रं असतातच.

आणखी एक पथ्य. उलट्या शॉटमध्ये धूर, पडणारी पानं, कपड्यांचं टोक, केस यांतून युक्ती लगेच ओळखू येते. चमत्कार हवा असेल तर तो फायदा आहे, लपवायचं असेल तर तोटा. उडी दीड-दोन सेकंदांची, म्हणजे १६ मिमीवर फार तर सव्वा फूट. तरी आधी आणि नंतर तीन-तीन सेकंद माणूस स्थिर ठेवायचा, नाहीतर जोड बसवायला जागाच उरत नाही.

---

चुंबकफीत

सुतारपक्षी, +१. हळू हालचालीत ओठ जुळवायचे असतील तर त्याची युक्ती याच घराण्यातली : टेप दीडपट वेगाने वाजवायची, कॅमेरा ३६ फ्रेमवर, आणि दाखवताना २४. ओठ गाण्याबरोबर, अंग मात्र तरंगतं. गायकाची फजिती व्यंजनांवर होते, म्हणून जलद कडव्याला ही युक्ती लावू नये.

---

केंटकर

प्रकाशाचा विचार करा, मग नोल पार्कातल्या त्या दोन दिवसांचं मोल कळतं. जानेवारीच्या अखेरीस नोललगतच्या सेव्हनओक्स गावात सूर्य पावणेआठच्या सुमारास उगवतो आणि पावणेपाचच्या आत मावळतो. जेमतेम नऊ तास, तेही बहुतेक ढगाळ.

त्या काळच्या ईस्टमन रंगीत निगेटिव्हची गती (उजेड टिपण्याची क्षमता) ५० एएसए, तीही टंगस्टन दिव्यांच्या उजेडात. दिवसा ८५ क्रमांकाचा नारिंगी फिल्टर लावला की ३२ वर येते. १६ मिमीचं एकताक्रोम कमर्शियल तर २५, फिल्टरनंतर १६. शटर साधारण १/५० सेकंद. दाट ढगांत ३२ एएसएला भिंगाचं तोंड एफ ४ ते ४.५ च्या आसपास येतं. साडेतीननंतर एफ २.८, आणि मग भिंगच संपतं. त्यापुढे जनरेटर आणि दिवे.

ढगाळ उजेडाचा एक फायदा मात्र आहे. सावल्या पडत नाहीत, त्यामुळे सकाळचा तुकडा दुपारच्या तुकड्याला जोडता येतो. आणि गोल्डमनने दिवस-रात्रीची उडी उघडपणेच घेतली, जोड लपवायचा प्रयत्नच केला नाही. अपुऱ्या उजेडाची अडचण त्याने रचनेतच ओढून घेतली. या फितीतली मला सगळ्यात मोठी वाटणारी गोष्ट हीच.

अवांतर : ३१ तारखेला चित्रणाच्या मधल्या वेळात लेननने सेव्हनओक्समधल्या जुन्या वस्तूंच्या दुकानातून १८४३ च्या पाब्लो फँकच्या सर्कशीची जाहिरात विकत घेतली. तीवरूनच 'बीइंग फॉर द बेनिफिट ऑफ मिस्टर काइट' झालं.

---

पानगळ

बीटल्सच्या बाहेर या जरा.

'सबटेरेनियन होमसिक ब्लूज', बॉब डिलन : ८ मे १९६५, लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलमागची गल्ली. दिग्दर्शक डी. ए. पेनेबेकर, १६ मिमी, कृष्णधवल. डिलन गात नाही, शब्द लिहिलेले मोठे कागद एकेक करून टाकतो. मागे अ‍ॅलन गिन्सबर्ग आणि बॉब न्यूवर्थ. ओठ जुळवण्याचा प्रश्न सोडवायची याहून स्वच्छ युक्ती मला माहीत नाही : शब्द तोंडातून काढून हातात दिले. कागद एखादी फ्रेम आधी-नंतर पडला तरी बिघडत नाही. शिवाय कागदावरचे शब्द मुद्दाम चुकवलेले. गाण्यात अकरा डॉलर, कागदावर वीस.

'डेड एंड स्ट्रीट', द किंक्स, १९६६ : केंटिश टाउनची लिटल ग्रीन स्ट्रीट. अठराव्या शतकातल्या घरांची आखूड, अरुंद गल्ली. बँडवाले प्रेत उचलणाऱ्यांच्या वेशात शवपेटी वाहतात. बीबीसीने दाखवायला नकार दिला.

'अ व्हाइटर शेड ऑफ पेल', प्रोकोल हॅरम, १९६७ : वुस्टरशरमधला विटली कोर्ट, १९३७ च्या आगीत जळालेला वाडा. दिग्दर्शक पीटर क्लिफ्टनने मध्ये व्हिएतनाम युद्धाची वार्ताचित्रं घातली, म्हणून 'टॉप ऑफ द पॉप्स'ने नाकारली. यात ढोल वाजवताना दिसणारा बॉबी हॅरिसन रेकॉर्डवर नाही. तिथे बिल आयडन आहे.

'अर्नल्ड लेन', पिंक फ्लॉइड, फेब्रुवारी १९६७ : ईस्ट विटरिंगचा समुद्रकिनारा, दिग्दर्शक डेरेक नाइस, सोबत दुकानातली एक पुतळी.

---

रीळमोजणी

डिलनच्या फितीचा हिशेब करून पाहा. गाणं साधारण २ मिनिटं २० सेकंद, म्हणजे १४० सेकंद. गुणिले २४ फ्रेम, ३३६०. १६ मिमीवर फुटाला ४० फ्रेम, म्हणजे ८४ फूट. १०० फुटांच्या लहान स्पूलवरही अख्खा टेक बसतो आणि सुरुवात-शेवटाला १६ फूट उरतात. चावीच्या बोलेक्स कॅमेऱ्यावर मात्र जमणार नाही. तिची एक चावी २४ फ्रेमला सुमारे २८ सेकंदच चालते. एकसंध टेक हवा असेल तर मोटरचा कॅमेराच हवा.

त्याच दिवसांत आणखी दोन ठिकाणी हेच चित्रित झालं : जवळची बाग आणि हॉटेलचं छत. तिन्ही शेजारी लावून बघा. बागेत झाडं आणि माणसं डोळा खेचतात, छतावर आभाळ. गल्लीत मात्र दोन्ही बाजूंना बांधकाम आणि मध्ये पांढरा कागद. कागद हाच सगळ्यात उजळ भाग राहतो, म्हणून वाचला जातो. जागा निवडायची ती अशी.

---

अर्धी_खिडकी

स्कोपिटोन यंत्रांच्या फिती यात धरायच्या का? त्याही बऱ्याच बाहेर घेतलेल्या आहेत.

---

खटका

धरता येतात, पण त्यांचं गिऱ्हाईक वेगळं. १९६० चं फ्रेंच यंत्र, कामेका कंपनीचं, कॅफेत नाणं टाकून बघायचं. ३६ फितींतून निवड, १६ मिमी रंगीत, आवाज चुंबकीय पट्टीवर. त्याआधी १९४० चं अमेरिकन पॅनोरॅम होतं. त्यात आठ फितींचा एकच अखंड फेरा, पुढे जी येईल ती बघायची. पॅनोरॅममध्ये चित्र आरशांवरून पडद्यामागे पडायचं, म्हणून प्रिंट डावी-उजवी उलटी काढत. ती प्रिंट आज साध्या प्रोजेक्टरवर चढवली की गिटारवादक डावखुरे दिसतात. संग्रहात असं रीळ सापडलं तर 'चुकीची प्रिंट' म्हणून बाजूला टाकू नका.

स्कोपिटोनमध्ये ओठ जुळवणं राहिलंच, कारण कॅफेतल्या माणसाला गायक गाताना बघायचा असतो. म्हणून किनारा असो की रस्ता, गायक कॅमेऱ्याकडे तोंड करून उभा, आणि जागा नुसता पडदा होऊन राहते. धाग्याच्या मुद्द्याला हा उलटा पुरावा.

---

चुंबकफीत

बाहेर जाऊन खरंच वाजवायचं ठरवलं तर काय होतं, तेही नोंदवून ठेवू. बीटल्स, ३० जानेवारी १९६९, ३ सॅव्हिल रो या त्यांच्या लंडनमधल्या कचेरीचं छत, ४२ मिनिटं. दिग्दर्शन पुन्हा लिंडसे-हॉगचं. इथे ओठ जुळवायचा प्रश्नच नाही, पण वारा. मायक्रोफोनवर वाऱ्याची फडफड येऊ नये म्हणून अ‍ॅलन पार्सन्सने बायकांचे पायमोजे आणून त्यांवर चढवले. ध्वनिमुद्रण तळघरात, केबल छतापासून खालपर्यंत. आणि थंडीने बोटं आखडलेली.

पिंक फ्लॉइडच्या पॉम्पेईतही तेच, ऑक्टोबर १९७१. दिग्दर्शक एड्रियन मेबनला खरं वादन हवं होतं. प्राचीन रंगमंडळात विजेची सोय पुरेना, गावातून लांब केबल ओढून आणावी लागली आणि चित्रणाचे दिवस त्यात गेले. वायर न जोडलेल्या गिटारीला हे काहीच लागत नाही, हेही विसरू नये.

---

केंटकर

लंडनला येणाऱ्यांसाठी :

सॅव्हॉय स्टेप्स (डिलनच्या फितीतली गल्ली) : स्ट्रँडवरून सॅव्हॉय स्ट्रीटने नदीकडे उतरायचं, सॅव्हॉय हिलला वळायचं, सॅव्हॉय चॅपलपाशीच गल्ली आहे. सकाळी लवकर जा, नंतर माल उतरवणाऱ्या गाड्या उभ्या असतात.

नोल : चॅरिंग क्रॉस किंवा लंडन ब्रिजहून सेव्हनओक्स, साधारण अर्धा तास. स्टेशनपासून पायी तेवढाच वेळ. उद्यानाचं फाटक गावातल्या सेंट निकोलस चर्चसमोर. चित्रण वाड्याच्या आग्नेयेला, बर्डहाउस नावाच्या छोट्या घराजवळ झालं. ऑक्टोबर १९८७ च्या वादळात उद्यानातली बहुतेक मोठी झाडं पडली, त्यामुळे फितीतल्या झाडांच्या रांगा जुळवत बसू नका. बर्डहाउस आणि जमिनीचा उतार यांवरून कोन शोधा. हरणांना खायला घालू नये.

चिझिक हाउसची बाग विनामूल्य आहे. काचघर १८१३ चं, आत कॅमेलियाची जुनी झाडं.

एंजल लेन शोधायला जाऊ नका. पुनर्बांधणीत तो रस्ता पार बदलला.

---

अर्धी_खिडकी

शेवटचा प्रश्न. या फितींच्या दोन प्रती शेजारी लावल्या तर गाणं एकीत किंचित वरच्या पट्टीत ऐकू येतं. कान फसवतोय का?

---

चुंबकफीत

कान बरोबर सांगतोय. २४ फ्रेमची फिल्म युरोपातल्या टीव्हीवर २५ ने चालवतात. गाणं ४.२ टक्के जलद होतं आणि पट्टी जवळजवळ पाऊण श्रुती नव्हे, पाऊण स्वर, म्हणजे अर्ध्या सुराच्या पाऊणपट, चढते. ३ मिनिटांचं गाणं २ मिनिटं ५२.८ सेकंदांत संपतं. अमेरिकन प्रतीत फ्रेम पुन्हा पुन्हा दाखवून वेग सांभाळतात, फरक ०.१ टक्का.

---

सुतारपक्षी

चुंबकफीत, मोजमाप थोडं सुधारतो : ४.१७ टक्के म्हणजे सुमारे ७१ सेंट, अर्ध्या स्वराचे १०० सेंट धरून. 'पाऊण स्वर' वाचून कोणी दीडशे सेंट समजेल.

प्रत तपासायची रीत : रेकॉर्डवरची लांबी पहिल्या ठोक्यापासून शेवटच्या ठोक्यापर्यंत मोजा, विरत जाणारा शेवट धरू नका. मग फितीतली तीच लांबी मोजा. गुणोत्तर ०.९६ आलं तर प्रत २५ वर चाललेली आहे, संगणकावर ९६ टक्के वेगाने लावली की जागेवर येते. गुणोत्तर १ आहे पण हालचाल मधूनच अडखळते, तर ती अमेरिकन टेपवरून आलेली. आणि गुणोत्तर १, हालचाल एकसारखी, तरी ओठ हळूहळू पुढे किंवा मागे सरकत जातात असं दिसलं, तर कोणीतरी नंतर स्वच्छ स्टीरिओ आवाज वरून चिकटवला आहे. 'रेन'च्या प्रतींवर हे आधी तपासा. नोल पार्कच्या फितीवर तपासायला ओठच नाहीत, तिथे झाडावरच्या उडीचा क्षण आणि ढोलाचा ठोका यांची खूण धरा.

---

चुंबकफीत

दुरुस्ती मान्य. ७१ सेंट.